सरळ खंदक

रविवार, ५ डिसेंबर १९७१

समोरच्या शरयूताई राइट टाउनच्या शाळेत शिकवतात, म्हणून त्यांना गल्लीतल्या सगळ्यांनाच शिकवायची सवय आहे. लढाईच्या दिवसांत प्रत्येकीने रोजचं लिहून ठेवावं, असं त्यांनी फर्मान काढलंय. बाकीच्या लिहिणार नाहीत हे मला ठाऊक आहे. मी लिहिणार, कारण हे घरात बोलत नाहीत आणि मला कुठेतरी बोलायला हवं.

लढाई पेटून दोन दिवस झाले आणि आमच्या गल्लीला काम मिळालं. सकाळपासून सगळे पुरुष पटांगणात खंदक खणताहेत. हे सरकारी फॅक्टरीतून रात्रपाळी करून आले आणि अंघोळही न करता कुदळ घेऊन तिकडे गेले. एरवी घरात एक खिळा ठोकायचा तर चार रविवार उलटतात.

खंदक कुठे आणि कसा, हे मुरलीधररावांनी ठरवलं. मुरलीधरराव म्हणजे आमच्या गणपतीचे कायमचे अध्यक्ष. फॅक्टरीला लाकडी खोकी पुरवतात, इमारतींचे ठेके घेतात, आणि या हिंदी मुलखात, सराफा बाजारामागच्या आमच्या गल्लीत मराठी माणसाचं काही अडलं की आधी त्यांचं दार वाजतं. पटांगण नझूलचं, म्हणजे सरकारी जागा. भाद्रपदात तिथे मांडव पडतो, एरवी आमचे पापड वाळतात. त्यांनी स्वतः दोऱ्या लावून चुन्याची फक्की मारून दिली. सरकारी पत्रकात खंदक नागमोडी काढलेला आहे. शरयूताईंनी ते पत्रक दाखवलं, तर मुरलीधरराव हसून म्हणाले, "ताई, नागमोडीत आपलीच माणसं अडखळून पडतील. सरळ बरा." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. चारही बाजू सरळ, कोपरे काटकोनात, असा रेखीव खंदक झालाय. आमच्या भिंतीकडची बाजू तर इतकी जवळ आहे की खिडकीतून हात लांब करून मला चहाचे कप देता आले.

दुपारी चौकीचे थानेदार पाहून गेले. "ऐसी ट्रेंच किसी मोहल्ले ने नहीं खोदी," म्हणाले. मग मुरलीधररावांच्या खांद्यावर हात ठेवून कोपऱ्यात बराच वेळ बोलत होते. एवढा मोठा अधिकारी आपल्या माणसाशी असा बोलतो हे पाहून बरं वाटलं.

मनीषा परवाच नागपूरहून आली. आठवा लागलाय. जावई रेल्वेत आहेत, फौजेच्या गाड्यांमुळे त्यांना घराचं तोंड दिसत नाही. तिला मी भिंतीकडची आतली खोली दिली आहे. लहान आहे पण उबदार, वारा लागत नाही. बाळंतिणीला अशीच खोली हवी. सासूबाईंची बाळंतपणं तिथेच झाली.

बुधवार, ८ डिसेंबर

भोंगा झाला. सगळे खंदकात. मनीषाला खुर्चीत बसवून चौघींनी खाली उतरवलं, वर तिच्या मांडीवर माझा डाळीचा डबा, कारण तो मी हातातून ठेवायलाच विसरले होते.

शेजारची हेमलता, नवीन सून, जन्म इथलाच, मराठी बोलते पण अर्धी हिंदीतून. ती खंदकात इकडेतिकडे बघत म्हणाली, "काकू, मला तर एखाद्या नकाशात बसल्यासारखं वाटून राहिलं. हा हॉल, ही रसोई, इकडून जिना." सगळ्या खूप हसल्या. मुरलीधररावही पलीकडे बसले होते, ते मात्र हसले नाहीत. भोंग्याने घाबरले असतील बिचारे.

शुक्रवार, १७ डिसेंबर

लढाई संपली. जिंकलो. मुरलीधररावांनी घरोघर खोव्याची जलेबी पाठवली. मनीषाने तीन खाल्ल्या, मी अडवलं नाही.

पुरुष म्हणाले, रविवारी खंदक बुजवून टाकू. मुरलीधरराव म्हणाले, "घाई काय आहे? पुन्हा पेटली तर?" दूरदृष्टीचा माणूस.

मंगळवार, २१ डिसेंबर

सकाळी ट्रक आले. दगड, वाळू, सळया. मजूर उतरले आणि खंदकात पाया भरायला लागले. तीन बाजूंनी भरताहेत. आमच्या भिंतीकडची बाजू आणखी खोल खणायला घेतली आहे, तिथे तळघर येणार म्हणे. वर दुकानं, त्यावर गोदाम.

मी तशीच पिठाच्या हातांनी गेले. मुरलीधरराव तिथे उभेच होते. "वहिनी, समाजासाठीच आहे," म्हणाले. "एक खोली गणपतीला काढून ठेवीन."

म्हणजे त्यांचा पाया आम्ही खणला. फुकट. वर चहाही पाजला. हेमलताला त्या दिवशी दिसलं ते मला, माझ्यासारख्या शहाणीला, दिसलं नाही. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

हे पाळीवरून आले, दारात उभं राहून त्यांनी ते सगळं बघितलं. हातावरचे फोड अजून सुकलेले नाहीत. मी म्हटलं, "अहो, बोला की काही." तर म्हणाले, "सरळ होता तो, शैला. तेव्हाच कळायला पाहिजे होतं." आणि जाऊन झोपले. असा नवरा म्हणजे भिंतीशी संसार.

शुक्रवार, २४ डिसेंबर

नगर निगमात, म्हणजे महापालिकेत गेलो होतो. शरयूताई, हेमलता आणि मी. तिथला इंजिनियर सज्जन निघाला. आमच्यासोबत आला, जागा मोजली, काम थांबवण्याची नोटीस नव्या जोत्याच्या भिंतीवर चिकटवली. मग म्हणाला, "नोटिस हमारा काम है. रुकवाना पुलिस का." तो वळतो न वळतो तोच मजुरांनी नोटिशीवर गिलावा फासला.

चौकीवर अर्ज द्यायचा तर सह्या कुणाच्या? गल्लीतले सगळे पुरुष फॅक्टरीत, रेल्वेत नाहीतर सरकारी कचेरीत. सरकारी नोकराने पोलिसांतल्या अर्जावर सही केली की वर जाब द्यावा लागतो, म्हणून एकेक जण मान खाली घालून बसला. शेवटी शरयूताईंनी पेन माझ्या हातात दिलं. पहिली सही माझी, मग बाकीच्या बायकांच्या.

चौकीवरचा मुन्शी, म्हणजे कारकून, म्हणाला, "साहब नहीं हैं." पडद्याखालून साहेबांचे बूट दिसत होते. मी तिथेच बाकावर बसले. बुटांना कंटाळा आला तेव्हा साहेब बाहेर आले. अर्ज हातात न घेताच म्हणाले, "बहनजी, ये दीवानी मामला है. कोर्ट जाइए."

शरयूताई म्हणाल्या, "निगम की नोटिस है. आपको बस काम रुकवाना है."

"जवान सरहद पर मर रहे हैं और आपको एक दीवार की पड़ी है?" असं म्हणून आत गेले. अर्ज आमच्याच हातात राहिला. सरहद्दीवरची लढाई संपून आठवडा झाला हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

गुरुवार, ३० डिसेंबर

आतल्या खोलीच्या भिंतीला तडा गेला आहे. छतापासून खिडकीपर्यंत. भिंत जुनी, मातीत बांधलेली. पलीकडे तिच्या पायाशीच खड्डा खोदलाय, ती टेकेल तरी कशाला?

ह्यांनी लढाईत काचांना लावून उरलेला काळा कागद आणला आणि खळीने तड्यावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या. मी विचारलं, कागदाने भिंत धरते का? म्हणाले, "धरत नाही. सरकली तर कळते." आज संध्याकाळी वरची पट्टी मधोमध फाटलेली होती.

रोज चौकीवर जाते आहे. रोज मुन्शी म्हणतो, कल आइए. आता मला बघितलं की तो बाकावरची धूळ झटकतो.

मंगळवार, ४ जानेवारी १९७२

आज थानेदारांनी आम्हाला चक्क आत बोलावलं. खुर्च्या दिल्या. मी अर्ज टेबलावर ठेवला. त्यांनी त्यावर पेपरवेट ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, "सरकारी ज़मीन पर गड्ढा किसने खोदा, बहनजी?"

उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगितलं.

"आपके मर्दों ने. मैंने अपनी आँखों से देखा. रिपोर्ट लिखूँगा तो पहले उन्हीं के नाम आएँगे. फैक्टरी में चिट्ठी जाएगी. बोलिए, लिखूँ?"

हेमलता रडायला लागली. शरयूताईंचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. पेपरवेटखालचा अर्ज मी ओढून घेतला आणि आम्ही परत आलो.

हे सांगितलं तेव्हा ह्यांनी फक्त मान हलवली. जरा वेळाने म्हणाले, "मनीषाला माझ्या विष्णुपंतकाकांकडे राइट टाउनला ठेवू. नाहीतर नागपूरला पाठवू परत."

मी म्हटलं, "पहिलं बाळंतपण माहेरी होतं. काकांच्या पडवीत होत नाही. आणि सासरी परत पाठवून काय सांगू, आमच्याकडे भिंत धड नाही म्हणून? घर सोडलं की मुरलीधरराव उद्या याही जागेवर फक्की मारतील. माझी मुलगी तिच्या खोलीतच राहील."

रविवार, ९ जानेवारी

घरात भांडण. परवा ह्यांनी मला न विचारता मनीषाची खाट बाहेरच्या खोलीत आणली आणि स्वतःची आत नेली. म्हणाले, "रात्रपाळी करून येतो. मला दिवसा झोपायला अंधार लागतो." बाहेरच्या खोलीत दिवसभर लोक येतात जातात, दाराची फट बोट जाईल एवढी, आणि पोटुशी पोर तिथे. वडिलांना स्वतःची झोप प्यारी. खळ बनवायला, पट्ट्या बदलायला वेळ आहे, चौकीवर यायला नाही.

आज माझा तोल सुटला. म्हटलं, "बांगड्या माझ्या हातात आहेत, पण चौकीवर मीच जाते. तुम्ही काहून भिऊन राहिले एवढे?" मला विदर्भातली म्हणून चिडवायचे पूर्वी, राग आला की माझं माहेर बाहेर पडतं म्हणून. आज हसले नाहीत. म्हणाले, "नोकरी गेली तर तुम्ही खाल काय, याला भितो." जेवले आणि पाळीवर गेले. डबा विसरले. मी मुद्दाम हाक मारली नाही.

आता मला कशाचाच आधार वाटत नाही. रात्री मनीषाजवळ पडले की पोटातलं बाळ लाथ मारताना तिच्या साडीवरून दिसतं. तिकडे आतून माती गळल्याचा आवाज येतो. देवा, आम्ही कुणाचं काय वाकडं केलं होतं?

शुक्रवार, १४ जानेवारी

संक्रांत. मला एक युक्ती सुचली आणि मी ती कुणाला न विचारता केली. थानेदारांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोला हळदीकुंकवाचं आमंत्रण देऊन आले. अर्जाला दार बंद असतं, हळदीकुंकवाला कुणी नाही म्हणत नाही.

प्रतिमा नाव तिचं. तिशीची असेल, बुंदेलखंडाकडची. डोक्यावर पदर, हातभर चुडा. आमची पद्धत तिला माहीत नव्हती पण हौसेने आली. हे चार वाजताच उठून बाहेर गेले होते. मी हळदीकुंकू आतल्या खोलीतच मांडलं होतं. पाट, रांगोळी, अत्तरदाणी, सगळं. आणि तिचा पाट भिंतीला लागून, तड्याच्या बरोबर खाली.

शरयूताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. त्यांना कळलं.

कुंकू लावलं, गव्हाने ओटी भरली, हातात तिळगूळ दिला, वाण म्हणून पितळेचा कुंकवाचा करंडा दिला. तेवढ्यात पलीकडे मजुराने काहीतरी जड टाकलं. भिंतीतून माती गळली, तिच्या केसांत आणि तळहातावरच्या तिळगुळावर. तिने वर बघितलं. काळ्या पट्ट्या, त्यातल्या फाटलेल्या. बराच वेळ बघत होती.

"यहाँ कौन सोता है, दीदी?"

"दिन में मनीषा के बाबूजी. पहले बिटिया सोती थी."

तिने मनीषाच्या पोटाकडे पाहिलं. मातीचा तिळगूळ फुंकर घालून खाल्ला, टाकला नाही. जाताना माझा हात धरून म्हणाली, "मैं कहूँगी इनसे."

ह्यांना संध्याकाळी सांगितलं तर म्हणाले, "तिला त्या भिंतीखाली बसवलंस?" जणू काही मीच गुन्हा केला. आपली बायको रोज चौकीच्या बाकावर बसते त्याचं काही नाही.

रविवार, १६ जानेवारी

काम थांबलं! थानेदारांनी शिपाई पाठवला, मजूर हाकलले, खड्ड्याभोवती दोरी बांधली. शरयूताईंनी मला रस्त्यात मिठी मारली. पंधरवड्यानंतर पहिल्यांदा मी पोटभर जेवले. मुरलीधरराव त्यांच्या ओट्यावरून बघत होते, आज नमस्कारही केला नाही. ह्यांना म्हटलं, "पाहिलंत? बायकांनी करून दाखवलं."

हे म्हणाले, "खड्डा तसाच आहे." ह्यांना आनंदात विरजण घालायला कुणी सांगायला नको.

मंगळवार, १८ जानेवारी

कालपासून पाऊस. मावठा एवढा जोराचा बऱ्याच वर्षांत झाला नव्हता. खड्ड्यात कमरेएवढं पाणी. भिंतीचा खालचा भाग ओला होऊन काळा पडलाय. सगळ्या पट्ट्या फाटल्या.

ह्यांचं बरोबर होतं. थांबलेला खड्डा चालू कामापेक्षा वाईट. पाया भरून झाला असता तर निदान भिंतीला टेकू मिळाला असता.

चौकीवर पळत गेले. म्हटलं, खड्डा बुजवून द्या. थानेदार आज चिडलेले होते, माझ्याकडे न बघता बोलले. "घर तक पहुँच गईं आप, मेरी औरत को सिखाने. काम रुकवाना था, रुकवा दिया. भरना पुलिस का काम नहीं."

"तो हम भर लें?"

"मौके पर कोई हाथ नहीं लगाएगा. जैसा है वैसा रहेगा."

उद्या पाऊस थांबो न थांबो, आम्ही भरणार आहोत. आम्हीच खणलाय. शरयूताई रजा टाकणार. पलीकडच्या विनतावहिनी, हेमलता, सगळ्या आपापलं घमेलं आणणार. मला दुसरा रस्ता दिसत नाही.

शुक्रवार, २१ जानेवारी

हे गेले.

आज तिलवाऱ्याच्या घाटावर अस्थी सोडून आले जावई. मला लिहायचं आहे, नाहीतर मला वेड लागेल.

बुधवारी सकाळी हे पाळीवरून आले. दूध प्याले. म्हणाले, "पाठ दुखते आहे," आणि आत जाऊन झोपले. मी घमेलं शोधत होते, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

पाऊस थांबला होता. आम्ही बायका पदर खोचून खड्ड्याशी गेलो. माती बाजूलाच होती, डिसेंबरात आमच्याच माणसांनी काढून रचलेली. दोनतीन घमेली टाकली असतील, तोच शिपायाने शिटी मारली आणि थानेदार आले. दोरीच्या आत उभं राहून म्हणाले, "एक टोकरी और डाली तो सबको अंदर कर दूँगा."

मी म्हटलं, "ठीक है. तो लिख दीजिए. की दीवार गिरने वाली है ये बताकर हम भरने आए थे, और आपने रोका. इतना लिखकर सही कर दीजिए. हम चले जाएँगे."

ते हसले. "पचास साल से खड़ी है दीवार. नहीं गिरती."

पोत्यातून धान्य ओतल्यासारखा आवाज आला. भिंत आधी खड्ड्याकडे झुकली आणि मग मधूनच मोडली, वरचा अर्धा भाग आत गेला. कौलं त्याच्यामागून.

मनीषा बाहेरच्या खोलीत होती. ती दारातून ओरडत बाहेर आली, "बाबा आत आहेत."

त्याच घमेल्यांनी आणि हातांनी आम्ही उपसलं. शिपाईही उपसत होता, ते खोटं बोलणार नाही. थानेदार दोरीच्या आतच उभे. ह्यांना बाहेर काढलं तेव्हा चेहरा धड होता, फक्त मातीने माखलेला. मी पदराने पुसला. वाटलं, डोळे उघडतील आणि विचारतील, डबा कुठे आहे.

थानेदारांना प्रेत लगेच हलवायचं होतं. शरयूताई ह्यांच्या पायाशी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "बड़े साहब के आए बिना नहीं उठेगा." मग सगळ्या बसल्या. हळूहळू पुरुषही आले, फॅक्टरीतले सगळे, जे अर्जाला घाबरले होते ते. त्यांच्यामागे कुठेतरी मुरलीधररावही होते म्हणे. मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तर काय केलं असतं देव जाणे. मला शरयूताईंनी विचारलं, "चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. जन्मात कधी कुणासमोर अडून न बसलेला माझा नवरा त्या दिवशी अडून बसला.

दिवेलागणीला थानेदारांच्या वरचे मोठे साहेब आले. थानेदार त्यांना म्हणाले, "सर, दरार की बात किसी ने बताई ही नहीं. कोई दरख़्वास्त नहीं आई." आणि ते खरंच होतं. एकही अर्ज त्यांनी घेतलाच नव्हता. साहेब म्हणाले, रविवारी मी स्वतः जबाब घ्यायला येईन. मगच उचलू दिलं.

काल मनीषा माझ्या कुशीत तोंड घालून म्हणाली, "आई, तुला सांगू नको म्हणाले होते बाबा. त्यांनी खाट आत नेली ना, तेव्हा म्हणाले, 'खोली रिकामी राहिली तर तुझी आई तुला परत तिथेच निजवेल. ऐकणारी नाही ती. मी तिथे असलो की जागाच उरणार नाही.'"

मी त्यांना भित्रा म्हटलं होतं. डब्यासाठी हाकसुद्धा मारली नाही. हे मी कुठे ठेवू?

रविवार, २३ जानेवारी

रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. गल्लीत कुणीही हळदीकुंकू केलं नाही.

साहेब दहा वाजता आले. पडक्या खोलीत खुर्ची टाकून बसले, शेजारी मुन्शी कागद घेऊन. थानेदार टोपी काखेत धरून उभे. आम्ही जे झालं ते सांगितलं. नोटीस, गिलावा, चौकीवरचा बाक. साहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, "पुलिस को दरार की जानकारी थी, इसका कोई गवाह? आप लोगों के अलावा?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. हेमलता काल थानेदारांच्या घरी, प्रतिमाकडे, जाऊन आली होती. दार उघडलं नव्हतं. आणि मी तरी कोणत्या तोंडाने बोलवणार होते तिला? आमंत्रण देऊन भिंतीखाली बसवली होती मी तिला. शिवाय नवऱ्याविरुद्ध कोण बोलतं? मी तर नवऱ्याच्या बाजूनेही कधी बोलले नाही.

"कोई नहीं?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

ती मागच्या बाजूने, खड्ड्याच्या कडेने आली. डोक्यावर पदर, हातात माझा करंडा. थानेदार दबक्या आवाजात म्हणाले, "प्रतिमा, घर जाओ." ती थांबली नाही. ढिगाऱ्यावरून चढून आत आली, इकडेतिकडे बघत पाट कुठे होता ते शोधलं, आणि विटांवर, बरोबर त्या जागी बसली.

"संक्रांत के दिन मैं यहाँ बैठी थी," ती म्हणाली. "दरार मेरे सिर के ऊपर थी. मिट्टी मेरे बालों में गिरी. उसी शाम मैंने इनसे कहा था, वहाँ आदमी सोता है, गड्ढा भरवा दीजिए. इन्होंने कहा, काम बंद करवा देता हूँ, औरतों का मुँह बंद हो जाएगा."

साहेबांनी थानेदारांकडे पाहिलं. थानेदार जमिनीकडे बघत होते. मुन्शी लिहीत होता. ती पूर्ण लिहून होईपर्यंत उठली नाही, वाचून दाखवा म्हणाली, मग शाई लावून अंगठा उमटवला. एवढ्या सगळ्यात एकदाही तिने नवऱ्याकडे बघितलं नाही. कुठल्या घरी परत जाणार आहे ती आज, हे माझ्या मनातून जात नाही.

उठताना तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि हातातला करंडा कुठे ठेवावा तिला कळेना. मी म्हटलं, "रहने दो. जब दिया, तब मेरे पास देने को था." ती रडली. मीही रडले. मी तिला तिथे बसवलं याबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली, "अच्छा किया, दीदी."

मग फिर्याद. मुन्शीने कोरा कागद घेतला आणि नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने लिहिलं, शैलजा. मग थांबला, आणि खाली मान घालून साहेबांना विचारलं, "बेवा लिखूँ, साहब?"

"नहीं," मी म्हटलं. "पत्नी लिखिए. मी पहिल्यांदा आले तेव्हा पत्नी होते." मग त्याला समजेल असं पुन्हा म्हटलं, "मैं चौबीस दिसंबर को आई थी. तब आपने लिखा नहीं. उसी दिन का लिखिए. उस दिन वो ज़िंदा थे."

मुन्शीने पेन उचललं आणि साहेबांकडे पाहिलं. बाहेर फॅक्टरीचा भोंगा झाला, पण गल्लीतलं कुणी हललं नाही.

"जैसा कहती हैं, वैसा लिखो," साहेब म्हणाले.

त्याने लिहिलं. शैलजा, पत्नी अच्युत, पहली बार चौकी आई दिनांक २४ दिसंबर. मी कागद हातात घेऊन वाचून पाहिला आणि सही केली.